डाव्या बुटाची सुकतळी

जुन्या जालन्यात मस्तगडच्या उतारावर कडूबाचे पंक्चरचे दुकान गेली चौतीस वर्षे उभे आहे. दुकान म्हणण्याजोगे त्यात फारसे काही नाही. वर पत्रा, खाली पाण्याचे घमेले, भिंतीला टांगलेल्या ट्यूब, हवा भरण्याचे एक जुने यंत्र आणि या सर्वांच्या मध्यभागी पाटावर बसलेला कडूबा. परंतु त्याच्या हाताची कीर्ती अंबडपासून भोकरदनपर्यंत पसरलेली होती. ट्रॅक्टरची ट्यूब असो, फवारणीच्या पंपाची नळी असो, शेकण्याची पिशवी असो, कडूबा आधी त्या वस्तूवरून अंगठा फिरवी, मग नाकाशी नेऊन वास घेई आणि मगच ती दुरुस्त होईल की नाही ते सांगे. त्याने नाही म्हटले की लोक ती वस्तू तेथेच टाकून जात.

दिवाळीला चार दिवस उरले असताना, सकाळच्या प्रहरी, पाठीवर सैनिकी रंगाची पिशवी घेतलेला एक तरुण दुकानासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उन्हाने नव्हे, तर निराळ्याच कशाने तरी भाजल्यासारखा काळवंडलेला होता.

"जय भीम, काका. वळखलं का?"

"न्हाई बुवा. गाडी कुठं लावली?"

"गाडीचं काम न्हाई. मी सोमेश्वर, अंतरवाली सराटीचा. धम्मपालसंगं असतो मी. लडाखात."

कडूबाच्या हातातील कानस थांबली. घमेल्यातील पाण्यात धरलेल्या ट्यूबमधून बुडबुडे येत होते, ते येतच राहिले.

धम्मपाल हा कडूबाचा एकुलता मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो घरातून निघून गेला, तो थेट हिमालयात, रस्त्यावरचे बर्फ हटविणाऱ्या यंत्रावर कामाला लागला. दर रविवारी तो आईला, म्हणजे बेबीनंदाला, फोन करी. बापाशी मात्र त्या दिवसापासून त्याने एक शब्दही उच्चारला नव्हता, आणि बापानेही उच्चारला नव्हता. रविवारी फोन वाजला की कडूबा अंगणात काहीतरी काम काढून बसे. बेबीनंदाही ऐकू येत नसल्याचे निमित्त करून फोनचा आवाज मोठा ठेवी. एवढ्या आवाजावर त्या बापाचा आठवडा निघत असे.

सोमेश्वरने पिशवीतून बूट काढले. गुडघ्याच्या खालपर्यंत पोचणारे, जाड काळ्या रबराचे, आत बाहेर काढता येईल असे लोकरीचे अस्तर असलेले. तिकडच्या थंडीत यांच्याविना पाऊल टाकता येत नाही, असे त्याने सांगितले.

"डाव्याचा घोटा फाटलाय, काका. पाणी जातंय. आता बर्फ चालू व्हईल. धम्मपाल म्हनला, बाबाकडं दे."

"तिकडं नवे न्हाई भेटत का?"

"भेटत्यात की. ठेकेदारानं दुसरे दिलेत, पन ते ढिले हाईत. हे पायाला बसलेले. आन् तो म्हनला, दुसऱ्या कुनाच्या हातचं टिकायचं न्हाई." सोमेश्वरने बूट पुढे सरकवले. "मी बारा दिवसांनी जाणारे. जाताना घेऊन जातो. बराबर व्हतील ना?"

कडूबाने बुटावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेले, आणि त्याला रबराचा वास येईना. त्यात डिझेलचा, धुराचा आणि त्याच्या मुलाच्या पायांचा वास होता.

"व्हईल," तो म्हणाला.

ज्या दिवशी धम्मपाल गेला त्या दिवसाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्यूब धम्मपालने घाईत जोडली होती. रबर पुरते घासले नाही, सोल्यूशन सुकू दिले नाही. पॅच वाटेतच निघाला आणि शेतकरी चार माणसे घेऊन दुकानावर भांडायला आला. त्या सर्वांच्या देखत कडूबा मुलाला म्हणाला होता, "तुझ्या हाताला रबर वळखत न्हाई. तू दुसरं काई पाह्य." मुलाने साबण लावून हात स्वच्छ धुतले, टॉवेलला पुसले आणि तो निघून गेला. कडूबाला वाटले, जेवायला येईल.

आता त्याच हाताच्या मालकाने आपले बूट बापाच्या हाती सोपविले होते.

त्या दिवशी कडूबाने दुसरे काम घेतले नाही. त्याने प्रथम अस्तर बाहेर ओढले आणि ते बेबीनंदाकडे धुवायला दिले. "गरम पाणी बिलकुल नको, लोकर आटते. आन् उन्हात नको, सावलीत वाळव," एवढे बजावून तो परतला. मग बुटाच्या तोंडात एक फुगवलेली ट्यूब बसवून ते बंद केले, आत हळूहळू हवा भरली आणि बूट घमेल्यात बुडवला. घोट्याच्या वळीतून, जेथे पाय दर पावलाला दुमडतो तेथून, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची ओळ वर आली. बोटभर लांबीची चीर होती. चौतीस वर्षांत असल्या हजारो चिरा त्याने बुजविल्या होत्या.

ट्रकच्या ट्यूबचा चांगला तुकडा कापून, घासून, सोल्यूशन लावून, दाबपट्टीखाली त्याने तो पॅच बसवला. पुन्हा घमेल्यात धरला. एकही बुडबुडा आला नाही. त्याचे मन हलके झाले, आणि सहज पाहायचे म्हणून त्याने अस्तराबरोबर निघालेल्या सुकतळ्या हातात घेतल्या. सुकतळी म्हणजे पायाखाली येणारा लोकरीचा जाड तळ. चालणाऱ्याचा पाय त्यावर आपली खूण उमटवितो.

उजव्या सुकतळीवर पाच बोटांचे पाच खळगे होते. डाव्या सुकतळीवर अंगठ्याचा खळगा होता, त्याच्या शेजारी दोन होते, आणि त्यापुढे लोकर नव्यासारखी उभी होती. तेथे कोणाचेही वजन कधी पडले नव्हते. बुटात हात घातला तेव्हा त्या कोपऱ्यात कोंबलेली चिंधीची गोळी त्याच्या हाताला लागली.

कडूबा बराच वेळ ती सुकतळी मांडीवर घेऊन बसला. गिऱ्हाईक येऊन हाक मारून गेले, ते त्याला कळले नाही. ती सुकतळी त्याने हवेच्या यंत्रामागे लपविली. बेबीनंदाला हे दिसता कामा नये, असे त्याने ठरविले.

दुसऱ्या दिवशी टायर आणायला जातो असे सांगून तो बसने निघाला, आणि अंतरवाली सराटीच्या चौकात उतरला. सोमेश्वर चहाच्या टपरीवरच सापडला. आजूबाजूला कापूस वेचून आलेली माणसे बसली होती. कडूबाने त्याला बाजूला घेतले.

"त्याच्या डाव्या पायाला काय झालं?"

"काय न्हाई की, काका. चालतो बराबर."

"सोमेश्वर, मी दोन बोटं मोजून आलोय. जी न्हाईत ती."

सोमेश्वरने हातातील कप खाली ठेवला. "त्यानं शपत घातली व्हती मला," तो म्हणाला. "मागच्या फेब्रुवारीत. बुटात पाणी गेलं, त्याला कळलंच न्हाई, पाय सुन्न पडल्ता. रातपाळी संपल्यावर बूट काढला तर दोन बोटं काळी पडल्ती. तिथल्या दवाखान्यात काढली. पंधरा दिवसांत परत यंत्रावर बसला, काका. लई हिंमतीचा हाय."

"आन् त्याच बुटावर एवढे दिवस?"

"आतून पट्टी चिटकवली व्हती त्यानं. उन्हाळाभर टिकली."

"घरी यायचं न्हाई का मंग?"

"मी म्हनलो त्याला. तर म्हनला, गेलो तर बाबा पाय पाह्यतील आन् म्हनतील, बूटसुद्धा सांभाळता आला न्हाई. मला ते ऐकायचं न्हाई म्हनला."

परतीच्या बसमध्ये कडूबाला खिडकीशी जागा मिळाली होती. बाहेर सोयाबीन निघालेली मोकळी वावरे आणि उरलासुरला पांढरा कापूस मागे जात होता. आपला एक शब्द एवढ्या लांब, बर्फापर्यंत कसा चालत गेला असेल, याचे त्याला राहून राहून नवल वाटत होते. स्वतःला दोष देण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून तो बुटाचाच विचार करीत राहिला. घमेल्यातील पाणी जालन्याचे होते. तिकडच्या थंडीत तो पॅच काय करील, हे त्याला कोठे ठाऊक होते? ज्या चिरेने दोन बोटे नेली ती उरलेली तीन नेणार नाही, हे कशावरून?

जालन्यात बर्फ नाही. परंतु औद्योगिक वसाहतीत एक शीतगृह आहे आणि तेथे मटार साठविण्याची वजा अठरा अंशांची एक खोली आहे. तिचा राखणदार तातेराव हा कडूबाचा बालपणीचा मित्र. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट पिशवीत घालून, आत दोन जाड मोजे घेऊन कडूबा तेथे गेला.

"काय रे, सोयरीक करायला आला का?" तातेराव म्हणाला. "लग्नात पन तुझ्या पायात एवढे भारी बूट न्हवते."

"मला त्या खोलीत अर्धा घंटा उभं राह्यचंय."

"मटारासंगं? डोकं फिरलं का तुझं? स्वेटर तरी आनला का?"

कडूबाने त्याला सर्व सांगितले. तातेरावने पुढे थट्टा केली नाही. आपला जाड कोट त्याच्या अंगावर चढवला, आणि दार उघडून दिले.

आत धुक्यासारखी पांढरी वाफ होती. मटाराच्या पोत्यांच्या रांगांमधून कडूबा चालू लागला. दहा पावले जायचे, दहा पावले यायचे. मुलाच्या बुटात बापाचे पाय तंतोतंत बसले होते. प्रथम नाक दुखू लागले, मग कानांच्या पाळ्या, मग बोटांची टोके. मुलगा वर्षाचे सहा महिने असल्या हवेत राहतो, आणि रविवारी आईला सांगतो की इथे बरे आहे, हवा स्वच्छ आहे. कडूबाने डाव्या पायाची शेवटची दोन बोटे आवळून धरली, जणू ती नाहीतच, आणि तसे चालून पाहिले. तोल बाहेरच्या बाजूला जात होता. पाच-सहा फेऱ्या तो तसाच चालला.

मग टक असा आवाज झाला.

त्याने वाकून पाहिले. पॅचचा एक कोपरा पापडासारखा वर उचलला गेला होता. नखाने ओढताच तो अख्खा हातात आला.

बाहेर येऊन तो बाकावर बसला, तेव्हा तातेरावने त्याच्या हातात गरम चहा दिला. कडूबा त्या निघालेल्या तुकड्याकडे पाहत होता. हा त्याच्या हातचा पॅच होता, घाई न करता, नीट घासून, सोल्यूशन सुकवून बसवलेला. तरी रबराने त्याचा हात ओळखला नाही. घोटा वाकला तरी वाकणार नाही असे, थंडीत कठीण होणारे, परक्या जातीचे रबर त्याने लावले होते, आणि लावताना बूट सरळ ठेवला होता. चालणारा पाय सरळ कधी असतो? तीन वर्षांपूर्वी चार माणसांदेखत बोललेले वाक्य त्याला आठवले, आणि त्याने चहा बाजूला ठेवला.

"तातेराव, तुमच्या इथल्या कामाच्या बायांचे फेकलेले गमबूट असतील का?"

"ढीगभर. पन फाटके."

"फाटकेच दे. वरचं रबर चांगलं असतं."

घरी येऊन त्याने त्या जुन्या बुटाच्या नळीतून तुकडा कापला. तेच रबर, तीच जात, तीच लवचीकता. कडा गोल केल्या, म्हणजे कोपरा उचलणार नाही. घासले, सोल्यूशनचा एक हात दिला, सुकू दिला, दुसरा दिला. मग डाव्या पायात बूट घालून तो खाटेवर बसला, चढण चढताना वाकतो तसा घोटा वाकवला, आणि त्याने बेबीनंदाला हाक मारली.

"इकडं ये. हे दोन्ही हातांनी दाबून धर. अंगठ्यानं नको, तळव्यानं."

"किती वेळ?"

"घंटाभर."

"घंटाभर? चुलीवर डाळ हाय माझी."

"मंग अर्धा. पन हलू नको."

ती जमिनीवर बसली. नवऱ्याच्या पायातील मुलाचा बूट तिने दोन्ही तळव्यांत धरला. दुपारचा दोनचा सुमार होता, शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"डाव्या पायाची दोन बोटं न्हाईत त्याची," बेबीनंदा बुटाकडे पाहतच म्हणाली.

कडूबाचा पाय हलला.

"हलू नका. तुमीच म्हनले ना."

"कोन सांगितलं तुला?"

"कोन सांगायला पाह्यजे? अस्तर मी धुतलं. पोराचे मोजे आठरा वर्षं धुतले मी, कुठं मळतं आन् कुठं झिजतं ते कळत न्हाई का मला?"

"मंग मला का न्हाई बोलली?"

"तुमी तरी कुठं बोलले? अंतरवालीला काय टायर भेटत्यात?"

कडूबाला हसू आले आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि पाय हलेल म्हणून त्याने ते पुसलेही नाहीत. बेबीनंदाने हात काढले नाहीत. अर्धा तास झाला, तास झाला, डाळ करपल्याचा वास आला, तरी तिने हात काढले नाहीत.

तो बूट घेऊन कडूबा पुन्हा शीतगृहात गेला. या वेळी अर्ध्या तासाने काही झाले नाही, म्हणून पाऊण तास राहिला. शेवटी तातेरावनेच त्याला दंडाला धरून बाहेर काढले. पॅच जागेवर होता.

दिवाळी गेली. बारावा दिवस उजाडला. सोमेश्वरची गाडी दुपारची होती आणि तो सकाळी दुकानावर येणार होता. बूट वर्तमानपत्राचे गोळे भरून, रबर चिकटू नये म्हणून संगजिऱ्याची पूड लावून तयार होते. त्या वेळी बेबीनंदा दुकानात आली, आणि बुटांची पिशवी उचलून तिने पोटाशी धरली.

"देऊ नका," ती म्हणाली.

"काय?"

"सांगा त्याला, दुरुस्त न्हाई झाले. बूट न्हाई म्हनल्यावर येईल ना तो. किती दिवस ढिल्या बुटात काढील?"

हा विचार कडूबाच्या मनात आला नव्हता असे नाही. गेल्या चार दिवसांत तो अनेकदा येऊन गेला होता. बूट यंत्रामागे सारावेत, हात वर करावेत. चौतीस वर्षांत प्रथमच एखादे काम आपल्याला जमले नाही असे सांगावे, आणि त्या अपयशाच्या बदल्यात मुलगा दारात उभा पाहावा. यापेक्षा मोठे मोल जगात कशाला आले असते?

"ढिल्या बुटातच काढील तो," कडूबा म्हणाला. "माझंच पोरगं हाय ते. आन् तिकडं बूट धड नसला म्हंजे काय, ते मी अर्धा घंटा पाह्यलंय. दे इकडं."

तिने लगेच दिली नाही. सोमेश्वर आला, जय भीम म्हणाला, दोघांकडे आळीपाळीने पाहत उभा राहिला, तेव्हा तिने पिशवी त्याच्या हाती दिली, आणि वर फराळाचा डबा ठेवला.

"फोन लाव त्याला," कडूबा सोमेश्वरला म्हणाला. "तुझ्या फोनवरून लाव."

दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा पलीकडून वाऱ्याचा आवाज आला आणि मग मुलाचा.

"हां सोम्या, बूट घेतले का?"

"सोम्या न्हाई. मी बोलून राह्यलो."

पलीकडे फक्त वारा होता.

"ऐक," कडूबा म्हणाला. "बूट झाले. शेगडीजवळ वाळवायचे न्हाईत, रबर तडकतं. रोज अस्तर बाहेर काढायचं, वलं ठेवायचं न्हाई. आत कागद भरून ठेव. डिझेल लागलं की लगेच पुसायचं. आठ दिवसाला घोटा वाकवून वळीत पाह्यत जा, बारीक रेघ दिसली की समजायचं."

"हां, बाबा."

"पहिला पॅच माझा निघाला. बसलाच न्हाई. दुसरा लावला."

"तुमचा निघाला?" मुलाच्या आवाजात तीन वर्षांपूर्वीचे हसू किंचित डोकावले. "तुमचा कसा निघंल?"

"निघाला. माझ्या हातचा निघाला म्हनून सांगून राह्यलो." कडूबाने श्वास घेतला. "बोटं दुखत्यात का?"

आता वाराही ऐकू येईना. फोन तुटला असे वाटून त्याने तो कानापासून दूर नेऊन पाहिला.

"थंडीत दुखत्यात," पलीकडून आले. "न्हाईत, तरी दुखत्यात."

"घरी ये, धम्मपाल. मी बोलावून राह्यलो तुला. काई म्हननार न्हाई मी."

"येतो, बाबा. पन आता वाट बंद व्हईल. आन् बूट न्हाई झाले तर या टायमाला थांबायचं न्हाई, असं मनात व्हतं माझ्या. ठेकेदाराला तसं सांगितलं बी व्हतं. आता झालेत, तर हिवाळा काढतो. माणसं कमी हाईत इथं. बर्फ वितळलं की पहिल्या गाडीनं येतो. बराबर येतो."

फोन खरोखरच तुटला. सोमेश्वरने तो हळूच कडूबाच्या हातातून घेतला, पाया पडला आणि पिशवी खांद्याला लावून स्टेशनच्या रिक्षाकडे वळला. डाव्या बुटाची टाच पिशवीच्या तोंडातून दिसत होती. कडूबा उतारावर उभा राहून पाहत राहिला. तो बूट आपण थोडा कमी चांगला केला असता तर, हा विचार त्याने मनात पूर्ण होऊ दिला नाही.

"काय म्हनला?" बेबीनंदाने विचारले.

"येतो म्हनला."

"कवा?"

"बर्फ वितळलं की."

तिने त्याची बाही धरली. रस्त्यावर कोणाची तरी मोटरसायकल हवा भरण्यासाठी येऊन थांबली होती, पण तिने नवऱ्याची बाही सोडली नाही.

"बर्फ वितळायला किती दिवस लागत्यात वं?"

रबराविषयी विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाला कडूबाने आजवर उत्तर दिले होते. तो उत्तरेकडे, जुन्या जालन्याच्या घरांवरून पलीकडे पाहू लागला. तेथे स्वच्छ, कोरडे ऊन पडले होते.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "कुनाला तरी इचारावं लागंल."